फेरीवाल्यांच्या हक्कासाठी आघाडी बांधताना

सुरुवात संस्थांच्या बैठकीने करू नका, बाजारातल्या एका रांगेपासून करा. 2014 चा पथविक्रेता कायदा चांगला आहे, पण कागद नसलेल्याला तो पावत नाही. प्रत्येक गाडीची नोंद घ्या: नाव, जागा, धंदा, किती वर्षांपासून. दंडाच्या जुन्या पावत्या जपायला सांगा. त्या जागी धंदा होता याचा तो पुरावा.

मग जोडीदार शोधा. विक्रेत्यांची संघटना, एक वकील, बचत गट आणि रहिवासी संघ. रहिवाशांना बहुतेक जण टाळतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. पदपथ अडतो ही त्यांची तक्रार खरी असते. चालायला किती वाट सोडायची ते त्यांच्यासमोरच खडूने आखून घ्या.

या कायद्याने शहरात फेरीवाल्यांचे प्रश्न पाहणारी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यात एक तृतीयांश महिला. समितीच नसेल तर माहिती अधिकारात विचारा: विक्रेत्यांचं सर्वेक्षण कधी झालं, बैठकींचं इतिवृत्त कुठे आहे? सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. पालिकेने माल उचलला तर उचललेल्या मालाची यादी तिथेच मागा. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडावा लागतो. हे वकिलाने प्रत्येक विक्रेत्याकडून पाठ करून घ्यावं, कारण गाडी उचलतात तेव्हा वकील तिथे नसतो.

आघाडी फुटते ती बहुधा पैशावरून. निधी एकाच्या खात्यात आला की बाकीचे गप्प होतात आणि मग यायचे थांबतात. हिशेब दरमहा बाजारातच मोठ्याने वाचा.