‘फितूर’ की ‘सामील’?

प्रश्न असा : लेन डेटनची ‘एसएस-जीबी’ (१९७८) ही कादंबरी वाचतोय. तिच्यातल्या कल्पित इतिहासात साल १९४१, ब्रिटन जर्मनांनी जिंकलंय. स्कॉटलंड यार्डचा डग्लस आर्चर आता एसएसच्या (नाझींच्या निमलष्करी दलाच्या) साहेबांच्या हाताखाली पूर्वीसारखाच खुनांचा तपास करतो. अशा ‘कोलॅबोरेटर’ला मराठीत फितूर म्हणू का?

माझं मत, नको. रात्री आतून गडाचा दरवाजा उघडतो तो फितूर. पोलिसांना एक सांगून कोर्टात दुसरंच सांगतो तो साक्षीदारही फितूर. दोघांच्याही बाबतीत उलटण्याचा एक नेमका क्षण असतो. आर्चरचा तो क्षण दाखवता येत नाही. सरकार बदललं, हा रोजच्यासारखा कामावर गेला, एवढंच. (हिंदीतलं ‘फितूर’ म्हणजे डोक्यातलं खूळ, हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी जपावं.) नॉर्वेत नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या क्विस्लिंगला आपला सूर्याजी पिसाळ चालेल, दोघांच्या नावांचीच शिवी झालीय. आर्चरला पिसाळ म्हणणं मात्र अन्याय.

‘सहकारी’ म्हणावं, तर आपल्याला आधी साखर कारखाना आठवतो. शिवाय टिळकांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ उघडपणे मांडली होती, त्यामुळे सरकारशी सहकार म्हटल्यावर मराठी कानाला काही खुपत नाही. खरं तर फ्रेंच शब्दही आधी असाच सोवळा होता. ३० ऑक्टोबर १९४० रोजी जर्मनांपुढे हरलेल्या फ्रान्सचा प्रमुख पेतँ यानं रेडिओवरून आपण ‘कोलाबोरासियाँ’च्या (सहकार्याच्या) वाटेनं निघाल्याचं सांगितलं, ते लाजत नव्हे. पुढे त्याच शब्दाचं ‘कोलाबो’ झालं आणि ते लोकांनी तोंडावर फेकलं.

मला ‘सामील’ जवळचा वाटतो. ‘पोलीसही चोरांना सामील आहेत’ म्हणतो तेव्हा कुणी पैसे घेतले, कुणी नुसती पाठ फिरवली, हे आपण सांगत नाही. सगळे त्यात येतात. आर्चरची गोची तीच. फक्त विभक्ती सांभाळायची. मिरवणुकीत सामील होणं वेगळं, शत्रूला सामील होणं वेगळं. सगळं विष त्या ‘ला’मध्ये आहे.

अडचण एकच, याचं नाम होत नाही. ‘सामील्या’ कुणी म्हणत नाही. तेव्हा निवेदनात ‘जर्मनांना सामील झालेला’ असं वाक्य फिरवून घ्यावं. आणि एखाद्या पात्राला त्याच्या तोंडावर थुंकायचंच असेल, तर ‘जर्मनांचा हुजऱ्या’ आहेच.