वळवाच्या वादळात रात्रपाळीला एकटं असताना काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीत पत्र्याच्या केबिनमध्ये रात्रपाळी करता, वळीव आला की जीव घाबरा होतो, आणि तरी सुपरवायझर म्हणतो दर तासाचा राउंड चुकता कामा नये. माझं मत विचाराल तर वीज कडाडत असताना राउंड मारायचा नाही. चुकू द्या. वहीत वेळ टाकून 'विजा होत असल्याने राउंड घेतला नाही' असं स्वच्छ लिहा आणि खाली सही करा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी तासगाव तालुक्यातल्या एका ३३/११ केव्ही सबस्टेशनवर चौदा वर्षं ऑपरेटर आहे. 'रात्रपाळी म्हणजे झोपायचा पगार' हे वाक्य मी माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, आण्णाच्या तोंडून भरल्या पंगतीत ऐकलंय.

आमच्याकडे वळीव येतो तो नेमका बेदाण्याच्या दिवसांत. शेड भरलेली असतात, माल बारा-पंधरा दिवस जाळीवर असतो. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाताला लागतो, आणि त्यावर पाऊस आला की तो काळा पडतो. नऊ वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका रात्री असंच वारं सुटलं. आधी मातीचा वास, मग यार्डातल्या खडीवर टपोरे थेंब, पाठोपाठ गारा. रात्री ११.४० ला आमचा एक फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून गावाकडे जाणारी एक लाईन, ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. रिलेवर, म्हणजे लाईनमधला बिघाड ओळखणाऱ्या यंत्रावर, अर्थ फॉल्टचा फ्लॅग, म्हणजे करंट जमिनीत जातोय अशी खूण. एकदा चार्ज करून, म्हणजे वीज सोडून बघितला, क्षणात परत पडला. म्हणजे कुठंतरी फांदी पडलीय, इन्सुलेटर फुटलाय, उडालेलं शेडनेट तारांत अडकलंय, नाहीतर तारच तुटलीय. यातलं नेमकं काय, ते कंट्रोल रूममध्ये बसून कळत नाही. लाईनस्टाफ म्हणाला, विजा थांबल्या की निघतो. बरोबरच होतं. मी फीडर बंद ठेवला आणि लॉगबुक भरलं.

पंधरा मिनिटांत आण्णाचा फोन. त्याचं शेड त्याच फीडरवर.

"लाईन सोड. वस्तीवरनं बायका बोलावल्यात कागद टाकायला, अंधारात काय दिसतंय?"

"आण्णा, लाईन धरत नाही."

"धरत नाही का तुला धरायची नाही?"

बांधावरून आमच्यात आधी वाजलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. मग अकरा फोन आले. मधेच एक गावातल्या पुढाऱ्याचा. शेवटी आण्णा म्हणाला, "बटण दाबायला काय हत्तीचं बळ लागतंय का? एकदा दाबून तर बघ, राहिली तर राहिली."

ही 'राहिली तर राहिली'ची भाषा मला सहन होत नाही. ब्रेकर, म्हणजे लाईनचा मोठा स्विच, धरला म्हणजे लाईन ठीक आहे, असं नसतं. तुटलेली तार कोरड्या मुरमावर किंवा खडकावर पडली, तर जमिनीत जाणारा करंट इतका कमी असू शकतो की रिलेला पत्ताच लागत नाही. ब्रेकर चालू, आणि तिकडे तार जिवंत. तीच तार द्राक्षबागेच्या मांडवावर पडली तर मांडवाच्या तारांतून करंट कुठवर जाईल सांगता येत नाही.

मी बटण दाबलं नाही. लाईनस्टाफचा फोन कधीही येईल म्हणून मोबाईल बंद करता येत नव्हता, म्हणून प्रत्येक फोन उचलला आणि प्रत्येकाला नाही म्हणालो. सव्वातीनला कडकडाट थांबला. पहाटे पाचला कळलं, ओढ्याच्या अलीकडे कंडक्टर, म्हणजे लाईनची तार, तुटून पायवाटेवर आडवा पडलाय. रात्री बाराला वस्तीवरच्या बायका बॅटरी घेऊन त्याच वाटेनं शेडवर गेल्या होत्या. लाईनस्टाफनं एलसी, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेऊन, दोन्हीकडून अर्थिंग करून, म्हणजे लाईन जमिनीला जोडून, तार जोडली. साडेसहाला फीडर चालू.

आण्णाचा माल भिजला, ते नुकसान खरं होतं. ड्युटी सुटल्यावर तसाच शेडवर गेलो. जाळ्यांखाली पाणी होतं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. तारेचं सांगितलं तर आण्णा म्हणाला, "ती पहाटे तुटली असेल." अजूनही तो तेच म्हणतो.

आता तुमचं. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर बाहेर पडू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पत्र्याची केबिन पावसापुरती. विजेला तिच्यावर भरवसा ठेवू नका. कारखान्याच्या पक्क्या इमारतीत जा, नाहीतर काचा लावून चारचाकीत बसा. तारेचं कुंपण आणि फ्लडलाइटचे खांब यांच्यापासून लांब राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या, आसपास कुठं विजा पडतायत ते दाखवतं. तार पडलेली दिसली तर वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला कळवा आणि जवळ कुणाला जाऊ देऊ नका. लाईट गेलीय म्हणजे तार मेलीय असं समजू नका, एखाद्याचा जनरेटर उलटा करंट सोडतो.

मी सुरक्षारक्षकाची नोकरी केलेली नाही. माझी नोकरी कायम आहे, तुमची ठेकेदाराकडची असेल तर त्या नोंदीवरून तो कटकट करेल, हे धरून चाला. तरीही नोंद कराच, आणि त्याच वेळी करा, सकाळी आठवून नको. माझ्या लॉगबुकात त्या रात्रीच्या पानावर '२३.४०, ट्रिप, अर्थ फॉल्ट' असं लिहिलेलं आहे. ते पान बघायला मी आण्णाला दोनदा बोलावलं. तो अजून आलेला नाही.