सावलीतली फुलझाडं : आधी मुळं बघा, मग औषधाचं बोला

परसबागेतल्या फुलझाडांबद्दल आलेले बहुतेक प्रश्न एकाच साच्याचे आहेत. पान पिवळं पडलं, दुकानातून औषध आणलं, मारलं, फरक नाही. आता दुसरं कुठलं मारू? कुठलंच नको. आधी कुंडी उपडी करून मुळं बघा.

रोज पाणी देऊनही पीस लिली मान टाकते. बुरशीनाशक आणि टॉनिक आणलं आहे, एकत्र देऊ का?

देऊ नका. एकत्रही नको आणि वेगवेगळंही नको. पीस लिली पाणी कमी पडलं तरी लोळते, जास्त झालं तरी लोळते. बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी लागली तर भरपूर पाणी द्या, काही तासांत रोप उभं राहील. माती ओली असूनही पानं पडलेली असतील तर ती मुळकुज. रोप बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं; चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. असं मूळ दिसेल तेवढं स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप नव्या मिश्रणात, उरलेल्या मुळांपुरत्या लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. नवीन पान फुटेपर्यंत खत बंद.

मुळकुज म्हटलं की दुकानात सर्रास कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवतात. साचलेल्या पाण्यात मुळं कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा या रोगजंतूंवर ते चालतच नाही. उलट कुंडीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घातली असेल तर ती मरते. पैसे देऊन मित्र मारायचा आणि शत्रू तसाच ठेवायचा, असला हा व्यवहार.

माझा आग्रह औषधापेक्षा मिश्रणावर आहे. कोकोपीट दोन भाग, चांगलं कुजलेलं पानांचं खत एक भाग, विटेचा चुरा किंवा कोळशाचे तुकडे एक भाग. चिकण माती अजिबात नको. अँथुरियमला याहून भरड लागतं: नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. वरून ओतलेलं पाणी लगेच खालच्या भोकातून यायला हवं. वर थबकत असेल तर मिश्रण चुकलंय. बशीत साठलेलं पाणी फेकून द्या.

पीस लिली आणली तेव्हा फुलांनी भरलेली होती, नंतर एकही फूल नाही. दुकानदार म्हणतो, जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक) मारा.

ते त्याला बरोबर ठाऊक आहे, कारण पीस लिली विक्रीच्या वेळी फुलावर यावी म्हणून रोपवाटिकांत तेच मारतात. घरी मारलंत तर वेडीवाकडी फुलं येतील. मारू नका. युरियाही नको, नुसता पाला वाढेल. बहुतेक वेळा कमी पडतो तो उजेड. झाडाने सावली मागितली होती, अंधार नाही. दुपारी पानांच्या फूटभर वर हात धरा. हाताची पुसट सावली पडली तर जागा ठीक. सावली पडलीच नाही तर कुंडी खिडकीकडे सरकवा. ठळक पडली तर पानं भाजतील.

खत द्यायचंच तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मिश्रणातच. दुकानात फवारणी पंपाच्या हिशेबाने मात्रा सांगतात आणि घरी तीच झाकणाने अंदाजे ओतली जाते. झाकण हे माप नव्हे. ग्रॅमसाठी छोटा वजनकाटा, मिलीसाठी बिनसुईची सिरिंज. कुंडीच्या काठावर पांढरे क्षार आणि पानांची टोकं तपकिरी दिसली तर खत जास्त झालंय. साध्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा धुऊन काढा.

बिगोनियावर आणि इम्पेशन्सवर पांढरं आलंय. दोन्हीवर गंधक चालेल का?

नाही. हे दोन वेगळे रोग आहेत. बिगोनियाच्या पानावर वरून पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ती भुरी. इम्पेशन्सच्या पानाखाली पांढरी लव आणि पानगळ हा केवडा रोग. त्याला गंधक लागू पडत नाही. केवडा रोग झालेलं रोप मुळासकट काढून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या मातीत पुन्हा इम्पेशन्स लावू नका. भुरीला आधी रोगट पानं खुडा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. गंधक वापरलंच तर लेबलवरच्या मात्रेत आणि आधी एका पानावर मारून बघून. तापमान 32 अंशांवर असेल तर मारू नका. निंबोळी तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तरी मारू नका. पानं जळतात, आणि मग जळालेल्या पानांवर आणखी एक औषध विकलं जातं.

पानाखाली बारीक जाळी, पानं फिकट. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलंय.

परत करा. हा लाल कोळी आहे. तो कीटक नाही आणि इमिडाक्लोप्रिडने मरत नाही, कित्येकदा वाढतो. पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. मऊ लव असलेल्या पानांवर, उदाहरणार्थ आफ्रिकन व्हायोलेटवर, पाणीही मारू नका, डाग पडतात.

 

हायड्रेंजियाची छाटणी कधी?

मोठ्या गोल गुच्छांची नेहमीची जात असेल तर फुलं संपल्या-संपल्या. पुढच्या हंगामाच्या कळ्या जुन्या फांदीवर आधीच धरलेल्या असतात. उशिरा कात्री लावली तर त्याच जातात.