मांजरेच्या वाळूत शार्कचा दात सापडेल का?

प्रश्न : मुलगी यंदा दहावी पास झाली. अमेरिकेतल्या नदीत चाळणीनं शार्कचे दात शोधतात, ते व्हिडिओ पाहून तीही सुट्टीच्या दिवशी मांजरेच्या पात्रात चाळण घेऊन बसते. जीवाश्मांचंच शिकायचं म्हणते. सापडलेल्या एका दाताचा फोटो पाठवतोय. यात पोट भरतं का? – एक शेतकरी वडील, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, नमस्कार. फोटोतला तो दात नाही, गारगोटी आहे. लेकीला हे सांगा, पण कारणासकट सांगा.

ती पाहते ती बहुधा फ्लोरिडातली पीस नदी असावी. तो सगळा मुलूख पूर्वी समुद्राखाली होता आणि नदी त्याच जुन्या समुद्रतळाचे थर कापत जाते. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, म्हणून तो सहसा टिकत नाही. दात मात्र कठीण, आणि आयुष्यभर पडून नवे येत राहतात, एकेका शार्कचे हजारो. आपली मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडावरून वाहते. नदी आपल्या पाणलोटात असेल तेच आणणार. शार्कचे दात हवे असतील तर नर्मदेच्या खोऱ्यातलं बाग हे गाव किंवा कच्छ गाठावं लागेल.

पण तिची चाळण वाया गेलेली नाही. याच मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्याची हाडं सापडली आहेत. लातूरच्या मातीत पाणघोडा! मला तर शार्कपेक्षा याचंच अप्रूप वाटतं.

आता पोटाचं. नुसत्या जीवाश्मांवर नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिच्यापासून लपवू नका. म्हणून तिला आधी भूविज्ञान, म्हणजे जिऑलॉजी, शिकू द्या. अकरावीला सायन्स, आणि गणित सोडायचं नाही. पुढे भूविज्ञानात बीएस्सी, मग एमएस्सी. एमएस्सी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही होते. आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते; त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. बोअर कुठं घ्यावा, विहिरीला पाणी का लागत नाही, हेही याच शास्त्राचं काम. आपल्या भागात त्याची गरज तुम्हाला मी काय सांगावी? जीवाश्मांची ओढ तोवर टिकलीच, तर पीएचडीसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था आणि पुण्याची आघारकर संस्था आहे.

एक काळजी मात्र घ्या. तिला पात्रात एकटीला पाठवू नका. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत आणि धरणातून पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. काठाच्या गाळात हाड दिसलं तर उपटू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा वहीत लिहा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. हाड कोणत्या थरात होतं यावरून बहुतेकदा त्याचं वय ठरतं. घरी आणून फडताळात ठेवलं की तो धागा तुटतो.