कुड्या परत ठेव आणि रजिस्टरमध्ये लिही

बेटा,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, सकाळी पोहे खाता खाता परत ऐकला, त्या नादात वरचा जिरावन मसाला टाकायचाच राहिला. तर तू सांभाळतेस त्या आजींनी कानातल्या मोत्याच्या कुड्या काढून तुझ्या मुठीत दाबल्या, "सुनेला नको सांगूस" म्हणाल्या, आणि तू त्या पर्समध्ये टाकून घरी आलीस. आता झोप येत नाही म्हणतेस. नाहीच येणार.

तू मन लावून काम करतेस ते मला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. आजींच्या पाठीची जखम भरत आली ती तू दर दोन तासांनी कूस बदललीस म्हणून, आणि हे मला कुणी सांगितलं? तुझ्या रजिस्टरनं. ८ ला डावी, १० ला उजवी, १२ ला परत डावी, रात्री थांबलीस तेव्हाचं २ चंसुद्धा आहे. शुगर आहे, लघवी आहे, अर्धी पोळी ताटात ठेवली हेपण आहे. मग संध्याकाळी ५ वाजता कुड्या मिळाल्या ते का नाही लिहिलंस?

मी एकच गोष्ट मानते, आणि तू ट्रेनिंगला होतीस तेव्हा माझं तेच तेच ऐकून हसायचीस. जे रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही ते करायचं नाही. बास.

"पण मावशी त्यांनी प्रेमानंच दिल्या." अगं मग मी कुठे म्हणतेय की वैरानं दिल्या! प्रेम खरंच आहे, म्हणून तर गोंधळ होतो. खडूस पेशंटबरोबर कुणाची मर्यादा सुटली असं मी तरी पाहिलं नाही.

तुला काकांचं कधी सांगितलं नव्हतं. २००९ मधली गोष्ट, मला या लाइनमध्ये दोनच वर्षं झाली होती. काका मिलमध्ये हिशेबनीस होते, कुठल्या मिलमध्ये ते नाही सांगत, इंदूरमध्ये लोक लगेच घर ओळखतात. अनंत चतुर्दशीची रात्र, मिल कधीच्या बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघायच्याच, खिडकीतून ढोल ऐकू येत होते आणि काका बहिणीच्या आठवणीनं रडायला लागले. विधवा बहीण, देवासला, काकांच्या मुलीशी तिचं पटत नव्हतं. उशीखालून एटीएम कार्ड काढलं, पिन सांगितला, म्हणाले काढून दे आणि तिला पोचव, घरात बोलू नकोस. मी पोचवले. मग दर महिन्याला पोचवत राहिले, माझ्या सुट्टीच्या दिवशी, बसचं भाडंपण माझंच. एक रुपया घेतला नाही.

दीड वर्षानं मुलीनं पासबुक भरून आणलं. तोपर्यंत काकांची स्मृती गेलेली. तिनं माझ्यासमोर विचारलं, बाबा हिला कार्ड तुम्ही दिलंत? काकांनी माझ्याकडे नीट बघितलं, अगदी सभ्यपणे, आणि म्हणाले, "या बाई कोण?" देवासच्या आत्या तोवर वारल्या होत्या. पोलिसात नाही गेले ते, उपकार केल्यासारखं सोडून दिलं. मी कुणाकुणाला सांगणार? रजिस्टरमध्ये त्या दीड वर्षाची रोजची शुगर होती, आणि पैशांबद्दल एक ओळ नव्हती.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, तर म्हणायचं होतं, काका, मी हे लपवून नाही करणार, ताईंना फोन लावू, मी बाजूला बसते. भांडण झालं असतं. होऊ द्यायचं.

मग रामबागेतल्या एका वकिलांनी मला समजावलं होतं. १८७२ चा कराराचा कायदा, कलम १६. वयामुळे, आजारामुळे ज्याची बुद्धी नीट चालत नाही त्याच्यावर दुसऱ्याचा वरचष्मा आहे असं कायदा धरतो, आणि व्यवहार बघणाऱ्याला खटकण्यासारखा असला तर दबाव टाकला नाही हे त्या वरचढ माणसानं सिद्ध करायचं. बक्षीस दिलेल्या वस्तूलासुद्धा कोर्ट हेच माप लावतं म्हणाले. आता त्या घरात वरचढ कोण? तू गं! महिनाअखेरीला सिटी बसचे पैसे मोजणारी तू. औषधांचा डबा तुझ्या हातात, बेडपॅन तुझ्या हातात, फोन तू लावून देणार तेव्हा लागणार.

आणि ते "तू घरचीच आहेस" याला जरा जपून. ऐकायला गोड लागतं. घरचीला रविवारची सुट्टी नसते, घरचीला बारा तासांच्या वर थांबलं तर जास्तीचे पैसे मागता येत नाहीत, आणि कपाटातलं काही सापडेना की घरची एका मिनिटात बाहेरची होते. स्टेटसला आजींबरोबरचा फोटो टाकला होतास तोपण काढ. नळी दिसतेय त्यात त्यांची.

तू विचारशील, कुड्या आजींच्या, त्या कुणालाही देतील, सुनेची परवानगी कशाला? बरोबर आहे तुझं. म्हातारं माणूस म्हणजे लहान मूल नाही, त्याची वस्तू त्याची. पण मग उघड देऊ दे ना. उघड देता येत नसेल तर ती भेट नाही, ते ओझं आहे, आणि आजी ते तुझ्या पर्समध्ये ठेवतायत.

मी फार कडक झाले असं एजन्सीतल्या मुली म्हणतात. एक आजी होत्या, माझी ड्यूटी बदलली तरी रोज चार वाजता मला फोन करायच्या, आमची चहाची वेळ होती ती. मी उचलला नाही. तिथे नवीन मुलगी लागली होती, मी उचलला असता तर तिच्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नसता, हे मी आजही कुणालाही सांगेन. पंधरा दिवस वाजत होता. सोळाव्या दिवशी नाही वाजला. रुळल्या असतील. मी विचारलं नाही. विचारायला काय हरकत होती, एजन्सीला एक फोन करून विचारता आलं असतं, तो काही नियम मोडणं नव्हतं. असो.

उद्या असं कर. आजींचा नाश्ता झाला, गोळ्या झाल्या की त्यांच्या हातात कुड्या दे, कानात तूच घाल, आवडेल त्यांना. म्हण, आजी मला नियम आहे. रुसल्या तर रुसू देत, दुपारपर्यंत विसरतील किंवा नाही विसरणार. मग सुनेला त्यांच्यासमोरच सांग, मागे जाऊन नको. आणि लिही, कुठल्या तारखेला ५ वाजता दिल्या, आज किती वाजता परत केल्या, कोण हजर होतं. खाली सुनेची सही घे. लाजू नकोस सही मागायला.

रजिस्टर भरत आलं असेल तर माझ्याकडे दोन कोरी पडलीत. ड्यूटी संपली की येऊन घेऊन जा.

— मावशी