संध्याकाळच्या भुकेला डाएट चिवडा, डायजेस्टिव्ह बिस्किटं की प्रोटीन बार?

तिन्ही नकोत. सालासकट फुटाणे खा, त्यात थोडे शेंगदाणे टाका, वर ताक प्या. उत्तर संपलं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘फुटाणे-बिटाणे सांगू नका, वजन कमी करायचंय, शास्त्रीय काहीतरी सुचवा’. ते वाचून राहवलं नाही.

पंढरपुरात आमची भट्टी आहे. आषाढी-कार्तिकीला वारकरी प्रसाद म्हणून जे चुरमुरे-फुटाणे घरी नेतात, त्यावर आमचं घर चाललंय. हरभरा आधी वाळूत नुसता तापवून घ्यायचा, त्यावर मीठ-हळदीचं पाणी मारायचं आणि पोत्याखाली झाकून ठेवायचा, म्हणजे ओल आत मुरते. मग पुन्हा कडक वाळूत टाकला की आतली वाफ दाणा फोडते. वाळू किती तापलीय हे अण्णा पहिल्या मूठभर दाण्यांच्या आवाजावरून ओळखतात. टाकल्या टाकल्या तडतडले तर जाळ मागे ओढायचा, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. या सगळ्यात तेलाचा थेंब लागत नाही. याहून शास्त्रीय काय हवंय?

आमचे दाजी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. एका दिवाळीत आईने पुढे ठेवलेली फराळाची ताटली त्यांनी बाजूला सारली आणि बॅगेतून डाएट चिवड्याचं पाकीट काढलं. वर अण्णांना म्हणाले, “मामा, फुटाणे आता कोण खातंय? जग पुढं गेलं. भट्टी विकून टाका.” दिवाळीला आलेला जावई, अण्णा काय बोलणार! ते उठून भट्टीवर गेले.

मी पाकीट उचललं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘बेक्ड’ आणि ‘शून्य कोलेस्टेरॉल’. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यात कौतुक कसलं? मागे बारीक अक्षरात मक्याचे पोहे, पामतेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (म्हणजे स्टार्चपासून कारखान्यात केलेली पूड). जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे, म्हणजे मक्याखालोखाल त्यात पामतेलच होतं. पुढे छापलेल्या कॅलरी वीस ग्रॅमच्या. वीस ग्रॅम चिवडा खाऊन कोण थांबतं? शंभर ग्रॅमचा आकडा मागे होता, ४९०. शंभर ग्रॅम फुटाण्यात साधारण ३६०-३७० कॅलरी असतात आणि प्रोटीन वीस ग्रॅमच्या आसपास. हे वाचून दाखवलं तर दाजी म्हणाले, “कॅलरी ती कॅलरी. मोजून खाल्लं की झालं.” आईने डोळे वटारले म्हणून तेव्हा मी गप्प बसलो.

तेव्हाचं उत्तर आता देतो. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने वीस जणांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी आणि चोथा (फायबर) सारखा, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, खाण्याचा वेगही वाढला आणि वजन जवळजवळ किलोभर चढलं. मोजून खायचं म्हणता, पण असलं अन्न मोजू देत नाही. फुटाणे चावावे लागतात. मूठभर संपवेपर्यंत जबडा दमतो आणि तोवर पोटाला कळलेलं असतं.

तुमचं बाकीचं. डायजेस्टिव्ह बिस्किटाचं पाकीट उलटं करून बघा, बहुतेकांत पहिलं नाव मैद्याचंच निघेल आणि पाठोपाठ पामतेल, साखर. प्रोटीन बारमध्ये प्रोटीन असतं हे खरं, पण एका बारच्या पैशात पाव किलो फुटाणे येतात. ‘शुगर फ्री’ वाचून भुलू नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सांगितलंय. मखाण्यांचं कौतुक मला अती वाटतं. आणि आमच्याच भट्टीचे असले तरी नुसते चुरमुरे खाऊन भूक भागत नाही, तासाभरात पुन्हा पोट ओरडतं. त्यात फुटाणे, कांदा, टोमॅटो घातलात तर गोष्ट वेगळी.

बीपी असेल तर बिनमिठाचे मागा, मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेंगदाणे मोजकेच, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत त्यात. लहान पोरांच्या हातात फुटाणे-शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. रोज तासन्‌तास व्यायाम करणाऱ्याने कधीमधी बार खाल्ला तर माझं काही म्हणणं नाही, पण तुम्ही तर दिवसभर खुर्चीत बसता असं लिहिलंय.

शक्यतो भट्टीवरून ताजे घ्या. फार भडक पिवळे दिसले तर घेऊ नका, हळदीचा रंग तसा नसतो. आणि ऑफिसात कोणी ‘फुटाणे कोण खातंय’ म्हणालं तर आषाढीला पंढरपुरात पाठवा. दाजींनाही मी दर वर्षी बोलावतो, भट्टी अजून चालू आहे.