अ‍ॅग्रीमेंटवर तुझं नाव कुठंय?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. एक तारखेला तुम्ही दोघं बाणेरच्या टू बीएचकेत राहायला जाताय, तुला रात्र रात्र झोप नाही, 'फ्रेंड्स' मालिकेतल्या मोनिका-चँडलरसारखं आपलं पण भांडण होणार असं वाटतंय, त्याला दुसऱ्या बेडरूममध्ये गेमिंग सेटअप हवाय, तुला आई आली तर तिच्यासाठी खोली हवीये, तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो... आणि मधेच कंसात एक ओळ. भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट त्याच्या एकट्याच्या नावावर होतंय, एजंट शनिवारी येतोय, अर्धं डिपॉझिट मी दिलंय.

मी त्या कंसातच अडकलेय गं. टॉवेलचं नंतर बघू.

मोनिका-चँडलरचं ते भांडण १९९९ च्या सहाव्या सीझनमधलं, मोनिकाची रूममेट रेचल जाणार म्हटल्यावर तिच्या खोलीत गेस्टरूम की व्हिडिओ गेम्स. मला ते कधी खोलीचं भांडण वाटलंच नाही, चँडलर मोनिकाच्या घरात येत होता आणि त्या घरात आपलं काय हे त्याला कळत नव्हतं. बरं ते घर तरी मोनिकाच्या नावावर कुठे होतं, आजीच्या! चौथ्या सीझनमध्ये बिल्डिंगचा माणूस त्यावरूनच बाहेर काढायची धमकी देतो.

आणि तू ५०,००० रुपये देऊन स्वतःहून तशीच राहायला निघालीयेस. उद्या तुमचं बिनसलं तर डिपॉझिट त्याच्या खात्यात परत येणार, आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमन तुला विचारणार कुणाकडे जायचंय म्हणून. स्वतःच्या घरी येताना हा प्रश्न ऐकायचाय का तुला?

मालक म्हणतो एकच नाव बरं. म्हणू दे. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. आपल्याकडे महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, आणि त्यात भाडेकरू म्हणून दोन नावं घालता येतात, फक्त ड्राफ्ट आधी बदलून घ्यावा लागतो.

'त्याला वाटेल माझा विश्वास नाही' असं लिहिलंयस. अर्धं भाडं भरणाऱ्या मुलीचं नाव कागदावर आलं म्हणून ज्याला वाईट वाटेल, त्याच्याशी आधी त्यावर बोल, खोलीचं राहू दे. तो नाही म्हणाला तर एक तारखेला एक बॅगसुद्धा हलवू नकोस.

आज रात्रीच एजंटला फोन कर. शनिवारी तो मशीन घेऊन आला की तुझा पण अंगठा लागला पाहिजे, आधार जवळ ठेव.